हरभऱ्याएवढी पृथ्वी

शनीला सोलापुरात कुणी दारात उभं करेना, तिथून सगळं बिघडत गेलं.

तोवर दुधनीकर मास्तरांचं विश्व तसं शिस्तीत चाललं होतं. एक मीटर व्यासाचा सूर्य गच्चीवर बसला होता. बुध, म्हणजे एक मिरी, पलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर होता. शुक्र वाण्याच्या फळीवर होता. पृथ्वी, म्हणजे निवडून घेतलेला एक टपोरा हरभरा, गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला चिकटपट्टीनं लावली होती आणि तिच्याखाली 'आपण येथे आहात' असा पुठ्ठा टांगला होता. तो वाचून रोज दोन-चार माणसं खांबाकडे संशयानं बघत आणि "ते म्हाईत हाय की" म्हणून पुढं जात.

वेणीमाधव दुधनीकर हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. विश्व केवढं आहे, यावर ते माहितीपट काढत होते. पुस्तकात सूर्य आणि पृथ्वी एकाच पानावर छापतात, त्यामुळे पोरांना ते शेजारी राहतात असं वाटतं, ही त्यांची जुनी तक्रार. म्हणून त्यांनी ठरवलं की सूर्य आपल्या गच्चीवर ठेवायचा आणि त्याच मापानं बाकीचे ग्रह खरोखर तेवढ्या अंतरावर, भर वस्तीत मांडायचे. गुरू अर्ध्या किलोमीटरवर, शनी एक किलोमीटरवर आणि शेवटचा नेपच्यून पार अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेला. कॅमेरा सूर्यापासून निघून एकेका ग्रहापाशी जाणार आणि मागून निवेदन ऐकू येणार. निवेदन करणार होत्या यशोदाबाई, मास्तरांच्या पत्नी.

खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या निवेदनासाठीच होता.

यशोदाबाईंच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. महिन्याभरात करून टाकू, तारीख कळवतो, म्हणाले. रिक्षातून उतरून दोघं दाराशी आले. घराचं कुलूप काढताना बाई म्हणाल्या, "दूध तापवायचं राहिलंय." मास्तर ते ऐकून उंबऱ्यावरच थांबले. हा आवाज आपल्याकडे कुठंच ठेवलेला नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. लेकीच्या, ओवीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्यात बँडखेरीज कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं.

आणि आवाज तरी कसला! बाई प्राथमिक शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतलाही एक भाजीवाला मागं फिरायचा. पण 'तुझा आवाज जाण्याआधी भरून ठेवू' असं बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? मास्तरांना ते जमेना. त्यांनी कपाटातून माहितीपटाची जुनी संहिता काढली, धूळ झटकली आणि वर्तमानपत्राआडून विचारलं, "याचं निवेदन करशील का?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. "विश्वाचं ना? करते की," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटायला आत गेल्या. यापुढं या विषयावर घरात अवाक्षर निघालं नाही.

सूर्य दिला तो शंकरप्पांनी. शंकरप्पांचा एमआयडीसीत यंत्रमागाचा कारखाना, मास्तरांचे जुने विद्यार्थी, भूगोलात नापास झालेले. त्यांनी विणताना बिघडलेल्या पिवळ्या चादरींचा एक गठ्ठा आणून टाकला. यशोदाबाईंनी त्या शिवून गोल पिशवी केली, आत सुताचा कचरा ठासून भरला. चादरींवर मोर होते, त्यामुळे सूर्यावरही मोर आले. मास्तर कासावीस झाले. बाई म्हणाल्या, "सूर्यावर डाग असतात, असं तुम्हीच शिकवायचात ना?"

या सूर्याला परवानगी लागेल, ही शंका काढली शेजारच्या गंगम्मांनी. गंगम्मांना सगळ्या कचेऱ्यांची माहिती होती, कारण त्यांचं प्रत्येक कचेरीशी एकदा तरी भांडण झालेलं होतं. "गच्चीवर एवढं मोठं बांधलाव, उद्या कुणी तक्रार केली तर?" झालं, मास्तर सरळ माणूस, ते कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं विचारलं, "सूर्य तात्पुरता आहे की कायमस्वरूपी?" आता इथं कुणीही शहाण्यानं तात्पुरता म्हटलं असतं. पण मास्तरांच्या भूगोलाला खोटं सहन होत नाही. ते म्हणाले, "अजून पाच अब्ज वर्षं तरी राहील." बाबूनं कायमस्वरूपी लिहिलं, आणि कायमस्वरूपी म्हटल्यावर इंजिनिअरचा दाखला आला, शेजाऱ्यांची संमती आली. बऱ्याच खेट्यांनंतर एका दयाळू साहेबांनी सूर्याला 'स्वागत कमान' या सदरात बसवलं. आपण आयुष्यभर शिकवलेल्या सूर्याची ही गत बघून मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तेवढ्या दिवसांत यशोदाबाईंचा घसा मात्र बसत चालला होता. सकाळी बऱ्या असत, संध्याकाळपर्यंत आवाजाला खरखर येई.

मग शनी. मोसंब्याला पत्र्याची कड बसवून शनी झकास झाला होता. मास्तरांनी टेप लावत लावत अंतर मोजलं, तर शनीची जागा आली नेमकी शंकरप्पांच्या घराच्या फाटकासमोर. मास्तर खूश झाले. आपलाच माणूस! शंकरप्पांच्या दारात मांडवाची तयारी चालली होती, मुलीचं, अपेक्षाचं लग्न होतं.

"या मास्तर, या. हे काय आणलाव?"

"शनी," मास्तर म्हणाले. "तुमच्या दारात ठेवायचाय. चार दिवस."

शंकरप्पांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मास्तर, पोरीचं लग्न हाय घरात."

"अहो, तो शनी वेगळा. हा वायूचा गोळा आहे."

"गोळा असू दे न्हायतर काय असू दे. नाव शनीच हाय की. सूर्य मागा, देतो. आणखी दोन देतो. पण शनी नको बगा."

मास्तर तिथून शेजारच्या घरी गेले, तिथून पुढच्या. एके ठिकाणी नुकतं बाळंतपण होतं, एके ठिकाणी मुलाची मुलाखत, आणि एका गृहस्थांची म्हणे साडेसाती आत्ता कुठं संपत आली होती. ते तर मोसंबं बघून आत जाऊन दार लावून बसले. उलट गुरूला भलतीच मागणी. गंगम्मांच्या भाचीचं, सिद्धेश्वरीचं लग्न कुठं जमत नव्हतं. त्या मास्तरांच्या मागंच लागल्या. "गुरू आमच्या दारात ठेवा की."

"गंगम्मा, गुरू इथून अर्धा किलोमीटर लांब असतो."

"अर्धा किलोमीटर म्हणजे काय लई लांब हाय? जरा अल्याड सरकवा. कोण मोजायला बसलंय? आणि राहू-केतू कुटं ठेवलाव? दिसनात ते."

राहू-केतू हे ग्रहच नव्हेत, असं मास्तरांनी सांगून बघितलं. गंगम्मांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू इतकी वर्षं हे शाळेत काय शिकवत होते, ते त्यांना आज कळलं.

शेवटी मोकळी, बिनघराची जागा सापडली ती दीड किलोमीटरवर, एका पडीक मैदानात. कुणीही म्हणालं असतं, ठेवा तिथं आणि मोकळे व्हा. कॅमेरावाल्या कुमारनं तेच म्हटलं. पण मास्तरांना ते पटणं शक्यच नव्हतं. शनी दीडपट लांब गेला म्हणजे माप बदललं. माप बदललं म्हणजे बाकीचे सगळे ग्रह दीडपट लांब न्यायचे. आणि अंतरं वाढली तर आकारही वाढले पाहिजेत. म्हणजे सूर्य उसवायचा आणि दीडपट मोठा करायचा.

एका मोसंब्यापायी सूर्य उसवावा लागलेला माणूस जगात दुसरा नसेल. यशोदाबाईंनी एका शब्दानं तक्रार न करता पुन्हा सुई हातात घेतली. आता त्यांचा आवाज दुपारीच बसायला लागला होता, म्हणून त्या बोलणं वाचवत होत्या. दोरा हवा असला की नुसतं बोट दाखवीत. मास्तर दोरा देत आणि मनातल्या मनात शनीला शिव्या घालत. "आधी तुझं बोलणं भरून घेऊ, मग चित्रं," हे त्यांच्या जिभेवर कितीदा तरी आलं. पण आधी दृश्य, मग निवेदन, हा क्रम त्यांनीच कुमारला ठणकावून सांगितला होता, आणि क्रम मोडायचा तर का मोडतोय हे सांगावं लागलं असतं. ते सांगण्यापेक्षा त्यांना सूर्य शिवणं सोपं वाटलं.

कुमारबद्दल सांगायला हवं. कुमारनं जन्मात लग्नांखेरीज काही चित्रित केलेलं नव्हतं. माणूस जिवाचा, पण सवय लागलेली. सूर्य दिसला की "सर, जरा हसायला सांगा" असं त्याच्या तोंडून जाई. पहिल्या दिवशीचं काम त्यानं दाखवलं, तर बदामाच्या चौकटीतून सूर्य उगवत होता आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मंगळ येताना सनई वाजत होती. मास्तर म्हणाले, "कुमार, हे विश्व आहे." कुमार म्हणाला, "व्हय सर, म्हणून तर जरा भारी केलंय."

नव्या मापानं हरभऱ्याची आता गोटी झाली होती. नेपच्यून एमआयडीसी ओलांडून पार रानात गेला. तिथं मास्तरांनी एका दगडावर तो मांडला, निळा रंग दिलेलं मोठं लिंबू, आणि कुमार कॅमेरा लावेपर्यंत केराबाईच्या शेळीनं तो खाल्ला. केराबाई बांधावर बसून बघत होती.

"अहो बाई, शेळी आवरा! नेपच्यून खाल्ला तिनं!"

"हितं रानात ठिवलाव कशाला मग?" केराबाई म्हणाली. "बकरीला काय ठावं? लिंबू दिसलं, खाल्लं. आनि निळं कशापायी केलाव? इख न्हाई न्हवं ते?"

मास्तरांना स्वतःच्या ग्रहाऐवजी शेळीच्या तब्येतीची काळजी करत संध्याकाळपर्यंत रानात थांबावं लागलं. शेळीला काही झालं नाही. घरी येऊन बघतात तर गुरू जागेवर नाही. गुरू म्हणजे एक भलंमोठं डाळिंब. ते गंगम्मांच्या दारात पाटावर, हळदकुंकू लावून, विराजमान झालं होतं. कुमारनं ते तसंच चित्रित करून टाकलं होतं. पुढं सिद्धेश्वरीचं लग्न जमलं, आणि गंगम्मा आजही त्याचं श्रेय त्या डाळिंबाला देतात.

अखेर निवेदनाचा दिवस ठरला. आठवड्यातून एक दिवस गल्लीतले यंत्रमाग बंद असतात, तो एकच दिवस तिथं माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. घुमू नये म्हणून मधल्या खोलीत चारी बाजूंनी सूर्याच्या उरलेल्या चादरी टांगल्या. मधोमध खुर्चीत यशोदाबाई, हातात कोमट पाण्याचा पेला, समोर कुमारचा माइक. गंगम्मांना मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे त्या काम नसल्यागत येऊन चादरीपलीकडे बसल्या होत्या.

मास्तरांची संहिता अशी सुरू होत होती: 'प्रेक्षकहो, ज्या वस्त्राच्छादित गोलकाचे आपण अवलोकन करीत आहात...' बाईंनी ती वाचली, चष्मा खाली केला आणि म्हणाल्या, "असं कोण बोलतं हो?" मग कागद मांडीवर पालथा घालून त्या बसल्या तशाच बोलायला लागल्या. "मुलांनो, हा सूर्य. चादरीचा आहे, हात लावलात तरी भाजणार नाही. आता याला इथंच ठेवून आपण चालत पृथ्वीकडे जायचं. चप्पल घाला, बरंच लांब आहे."

आवाज फाटलेला होता. मधूनच जात होता, मग त्या घोट घेत आणि पुन्हा सुरू करत. पण शिकवायची ती जुनी लय होती, आणि मास्तरांनी संहितेचा अभिमान गिळून टाकला. ते चादरीला टेकून नुसतं ऐकत राहिले. इतकं बरं त्यांना बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही.

ग्रह संपले, तारे आले. "सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा जो तारा आहे," बाई कागद पुन्हा उचलून वाचू लागल्या, "तो या मापानं ठेवायचा म्हटलं, तर अख्ख्या पृथ्वीला एक वळसा घालून आणखी पुढं जावं लागेल." त्या थांबल्या. "एवढ्या लांब? मग याला जवळचा कशाला म्हणायचं?"

"त्याच्याहून जवळ दुसरं कुणी नाही म्हणून," मास्तर म्हणाले.

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. कुमारनं घसा खाकरला. चादरीपलीकडून गंगम्मांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

आता शेवटची ओळ उरली होती. 'लेखन आणि दिग्दर्शन: वेणीमाधव दुधनीकर.' बाई 'लेखन आणि दिग्दर्शन' इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबल्या. कुमारला वाटलं घसा गेला, तो पाणी आणायला उठला.

"घशाचं नाही," बाई म्हणाल्या. "हे मी नाही वाचणार."

आता हे बाहेरच्याला सांगूनही पटायचं नाही. बाई शिकलेल्या, नोकरी केलेल्या. पण लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव साध्या बोलण्यात एकदाही घेतलेलं नव्हतं. घरात 'अहो', बाहेर 'हे', पाहुण्यांत 'ओवीचे बाबा'. बँकेत कुणी मिस्टरांचं नाव विचारलं की त्या पासबुक पुढं सरकवीत. त्यांना कुणाचा धाक नव्हता, मास्तरांनी कधी तसं मागितलंही नव्हतं. आईनं शिकवलं होतं आणि तोंडाला वळण पडलं होतं, एवढंच.

"अगं, शाळेतल्या पोराचं नाव वाचावं तसं वाच," मास्तर म्हणाले.

"तुम्ही काय शाळेतलं पोर आहात?"

"बाई, उखाणा घ्या की!" गंगम्मांना राहवेना. त्या चादर बाजूला करून आतच आल्या. "उखाण्यात चालतंय."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "असं म्हणते बघा. गच्चीवरती सूर्य, खांबावरती धरा, अमुकरावांचं नाव घेते, आता हा पसारा आवरा. अमुकच्या जागी खरं नाव घालीन. चालेल?"

गंगम्मांनी टाळ्या पिटल्या. कुमार म्हणाला, "सर, एक नंबर! वरून पाकळ्या टाकतो."

बहुतेक त्या पाकळ्यांनीच घात केला. मास्तरांचं विश्व आधीच स्वागत कमानीतून गेलं होतं, शेळीनं चघळलं होतं, हळदकुंकू लावून पाटावर बसलं होतं. आता तरी कुठंतरी शास्त्राची बूज राखायला हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं. "शास्त्रीय माहितीपटाचा शेवट उखाण्यानं?" ते ताठ होऊन म्हणाले. "जगाच्या पाठीवर असं कुठं झालेलं नाही. नुसतं नाव वाचायचं. आज जमत नसेल तर पुढच्या सुट्टीला घेऊ."

"राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांना दमही फार लागला होता. कुमारनं माइक गुंडाळला.

पुढची सुट्टी आलीच नाही. दोन दिवसांत डॉक्टरांचा फोन आला, गाठ वाढतेय, उद्याच दाखल व्हा.

दवाखान्यात खाटेपाशी नर्सनं विचारलं, "मावशी, मिस्टरांचं नाव सांगा." बाईंनी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी आपलं नाव स्वतःच सांगितलं, सवयीनं खणखणीत, वर्गात हजेरी दिल्यासारखं. दुसऱ्याच क्षणी त्यांना आपल्या त्या खणखणीत आवाजाची लाज वाटली. खिशात फोन होता. बटण दाबून 'उखाण्यात घे, कसंही घे' असं म्हणायला एक पळ पुरलं असतं. पण खोलीत आणखी माणसं होती, बंगळूरहून ओवी आलेली होती, आणि मास्तरांना लोकांदेखत बायकोपाशी असं काही मागण्याची सवय नव्हती. "भीती वाटते का?" एवढंच त्यांनी विचारलं. "नाही," बाई म्हणाल्या. "गॅस बंद केलाय ना, बघून या." आत नेण्याआधीचं त्यांचं शेवटचं बोलणं ते.

बाई वाचल्या. गळ्याला भोक आलं, श्वास तिथून चालू लागला. घर मात्र भलतंच मुकं झालं. मास्तर बायकोशी मोठ्यानं बोलू लागले, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसे. चार दिवस सहन करून बाईंनी पाटीवर लिहिलं, 'मला ऐकू येतं.' शेजारीपाजारी त्यांच्यासमोर कुजबुजत बोलत. भाजीवाला खिडकीखाली येऊन उगाच थांबे, कुणी हाक मारत नाही म्हटल्यावर खाली मान घालून पुढं जाई.

कुमारनं माहितीपट जोडून आणला. पाकळ्या मास्तरांनी काढायला लावल्या. एक बदामाची चौकट नजरेतून निसटली ती निसटली. शेवटच्या पाटीपाशी कुमारनं विचारलं, "सर, हितं बोलणं नाही. म्युझिक टाकू का? नायतर दुसऱ्या कुणाचा आवाज?"

"काही टाकू नकोस," मास्तर म्हणाले. "तेवढं तसंच ठेव. त्यांना वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढं."

मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी माहितीपट दाखवायचं ठरलं. सगळी गल्ली आली. लग्न उरकून सैल झालेले शंकरप्पा सहकुटुंब आले. यशोदाबाई गळ्याभोवती पदर घेऊन पुढच्या रांगेत गंगम्मांशेजारी बसल्या. मास्तर मागं, लॅपटॉपजवळ. दिवे गेले, भिंतीवर सूर्य उगवला, आणि तो ओळखीचा आवाज हॉलभर झाला. "मुलांनो, हा सूर्य." लोक एकदम गप्प झाले. गुरू पाटावर दिसला तेव्हा हशा पिकला, शनीला कुणीतरी नमस्कार केला, पण आवाज बोलू लागला की पुन्हा सगळे गप्प. 'चप्पल घाला' म्हटल्यावर पुढच्या एका म्हातारबांनी खरोखरच पायानं चप्पल चाचपली. जवळच्या ताऱ्यापाशी मास्तरांनी लॅपटॉपवरचे डोळे काढलेच नाहीत.

मग शेवटची पाटी आली. 'लेखन आणि दिग्दर्शन' एवढं ऐकू आलं. भिंतीवर मास्तरांचं नाव दिसलं आणि पुढं काही नाही.

"आवाज गेला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ओ मास्तर, आवाज गेला!" "कुमार, आवाज गेला बग की!" सिनेमात ओरडतात तसे सगळे मिळून ओरडू लागले. कुमार स्पीकरच्या वायरी हलवू लागला. शंकरप्पा उठून, "बटन दाबा, बटन," म्हणाले. मास्तरांना वाटलं, उठावं आणि सांगावं की आवाज गेला नाही, तो तिथं नव्हताच. पण त्यांच्यानं खुर्चीतून उठवेना. ते लॅपटॉपवर बोट ठेवून, मान खाली घालून बसून राहिले, आणि सगळा हॉल त्यांच्या बायकोसमोर ते दोन शब्द ओरडत राहिला.

एकाएकी ओरडणं थांबलं. मास्तरांनी वर बघितलं तेव्हा यशोदाबाई उभ्या होत्या, लोकांकडे तोंड करून, वर्गाला गप्प करताना करतात तसा हात वर करून. तो हात त्या खाली घेत होत्या. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"नाव घेतलं की हो बाईंनी!" गंगम्मा किंचाळल्या. "मास्तरांचं! माझ्या डोळ्यांनी बघितलं! नुसतंच घेतलं, उखाणा न्हाई काय न्हाई!"

लग्नात उखाण्याला वाजवतात तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर खुर्च्यांना, गुडघ्यांना अडखळत पुढं गेले. सगळ्या हॉलनं बघितलं होतं, एक ते सोडून. आता लोक होते, ओवी होती, शंकरप्पा होते, पण मास्तरांना त्यातलं कुणी दिसत नव्हतं.

"मी बघितलं नाही गं," ते म्हणाले. "पुन्हा घे ना."

बाई लाजल्या. मग त्यांचे ओठ उघडले, आणि मास्तरांनी जन्माच्या सवयीनं मान वाकवून त्यांच्या तोंडापाशी कान नेला. गळ्यातल्या भोकातून श्वास जात-येत होता, तेवढा ऐकू आला. बाकी काही नाही. आपण काय केलं हे त्यांना कळलं तोवर बाईंचे ओठ मिटले होते.

बाईंनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्यासमोर वळवलं. पहिलीतल्या पोराला शिकवतात तसं एकेक अक्षर सुटं करून त्या सावकाश म्हणाल्या. मास्तरांनी वे बघितला, णी बघितली, मा बघितला, ध बघितला. तोवर चष्मा पार भिजला होता, आणि शेवटचा व त्यांना काही दिसला नाही.